आधी वह्या द्या, मग टाचण

शिक्षक घडवणाऱ्या सर्व प्राध्यापकांना आणि त्यांचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळींना,

स. न. वि. वि.

मी शिक्षिका आहे. २१ वर्षं तिसरी ते सातवीच्या वर्गांना शिकवते आहे आणि त्यातली बरीच वर्षं तुमचे प्रशिक्षणार्थी सराव पाठ घ्यायला माझ्या वर्गात येतात. येतात तेव्हा हातात टाचणवही, म्हणजे पाठाचं नियोजन लिहिलेली वही असते, बगलेत गुंडाळलेला तक्ता असतो आणि डोळ्यांत धास्ती असते. जातात तेव्हा धास्ती बरीचशी गेलेली असते. त्याचं श्रेय तुमचं, थोडं आमचंही. तरी एक गोष्ट राहून जाते आणि दरवर्षी तीच राहते. म्हणून हे पत्र.

या वर्षीचीच हकिगत सांगते. चौथीचा वर्ग, घटक हातच्याची वजाबाकी. शिकवणारी मुलगी हुशार, कष्टाळू. रात्री जागून तिने दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून आणले होते, प्रत्येक गठ्ठ्याला वेगळ्या रंगाचं रबर. प्रस्तावना छान झाली, गठ्ठा सोडून सुट्या काड्या करणं छान झालं. मग तिने ५२ वजा २७ हे गणित फळ्यावर घातलं आणि एका मुलाला पुढे बोलावलं. त्याने शांतपणे ३५ लिहिलं. "चूक. कोण सांगेल?" दहा हात वर झाले. एक मुलगी म्हणाली पंचवीस. "शाब्बास! टाळ्या!" टाळ्या झाल्या, मुलगा जागेवर जाऊन बसला, पाठ पुढे सरकला. शेवटी तिने विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" वर्ग एका सुरात म्हणाला, "होऽऽ!" तो मुलगाही म्हणाला.

त्या दिवशी तुमच्यापैकी एक प्राध्यापक निरीक्षणाला आले होते. शेवटच्या बाकावर बसून त्यांनी वहीत शेरा लिहिला: आवाज स्पष्ट, फलकलेखन सुबक, साधनांचा वापर योग्य वेळी, प्रबलन (शाबासकी देणे) चांगले, वेळेचे नियोजन सुधारावे. पस्तीसचा कुठे उल्लेख नव्हता. मी त्यांना दोष देत नाही, कारण त्यांच्या हातातल्या तक्त्यात पस्तीसला रकानाच नव्हता.

सर गेल्यावर मी तिला विचारलं, "त्याचं पस्तीस कुठून आलं असेल?"

"लक्ष नव्हतं मॅडम त्याचं."

मी तिच्यापुढे वर्गाच्या वह्यांचा गठ्ठा ठेवला. म्हटलं, लाल पेन बाजूला ठेव, काही तपासायचं नाही. चुकलेली उत्तरं तेवढी वेगळ्या कागदावर उतरव आणि प्रत्येक उत्तर कसं आलं असेल ते मला सांग. मधली सुट्टी संपेपर्यंत तिच्याकडे एक यादी तयार होती. त्या मुलाच्या वहीत ६३ − २८ चं उत्तर ४५ होतं, ८१ − ३६ चं ५५ आणि ७४ − १८ चं ६४. ती बराच वेळ त्या तीन ओळींकडे बघत बसली आणि मग एकदम म्हणाली, "मॅडम, हा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. वरचा कुठला, खालचा कुठला, बघतच नाही." म्हणजे लक्ष नसण्याचा प्रश्नच नव्हता. तो एक नियम अगदी निष्ठेने पाळत होता. आम्ही त्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "लहानातून मोठा जात नाही ना. बाईंनीच सांगितलंय."

बाई म्हणजे मी. तिसरीला हाच वर्ग माझ्याकडे होता आणि हे वाक्य मी कितीदा म्हटलं असेल त्याला गणती नाही.

हा नियम काही माझ्या वर्गातला अपूर्व शोध नव्हे. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा असाच माग काढला होता. मुलं वाट्टेल तशी चुकत नाहीत, बऱ्याचदा ती एखादी चुकीची रीत काटेकोर पाळतात, हे त्यांनी दाखवलं. त्यांनी 'बग्गी' नावाचा संगणकावरचा खेळही तयार केला. त्यात संगणक एक विशिष्ट चूक करणारं मूल व्हायचा. होतकरू शिक्षकाने त्याला गणितं घालून त्याची चूक नेमकी कोणती ते ओळखायचं. तेव्हा संगणक खोलीएवढे असत. आज तुमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात त्याहून ताकदवान यंत्र आहे आणि तो त्यावर मित्राने पाठवलेली टाचणं उतरवून घेतो. (घेतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे.)

माझी मागणी एकच आहे. प्रशिक्षणार्थ्याला पहिला पाठ घ्यायला उभं करण्याआधी त्याला मुलांच्या वह्या वाचायला शिकवा. पाठ कसा द्यायचा याच्या आधी मूल काय ऐकतं, काय धरून बसतं, ते ओळखायला शिकवा.

तुम्ही म्हणाल, हे आमच्याकडे आहेच. निदानात्मक चाचणी, म्हणजे चुका शोधण्याची, आणि उपचारात्मक अध्यापन, म्हणजे त्या दुरुस्त करणारं शिकवणं. असेल. प्रात्यक्षिकाच्या फायलीत ते असतंच, एका चाचणीवर दहा पानं, आलेखासकट. मी अशा फायली पाहिल्यात. 'चुकीचे कारण' या रकान्यात सर्वाधिक वेळा काय लिहिलेलं असतं? 'सरावाचा अभाव.' दुसरा क्रमांक 'दुर्लक्ष.' रुग्णाला ताप का आला, तर त्याचं अंग गरम झालं म्हणून, अशातला हा प्रकार.

तुम्ही हेही म्हणाल, की बाई, मूल आधी उभं राहायला शिकेल, मग धावेल. नवख्याला आधी वर्गासमोर उभं तर राहू दे. हे मला मान्य आहे. फ्रान्सिस फुलर या अमेरिकी संशोधिकेने १९६९ मध्येच मांडलं होतं, की नव्या शिक्षकाची काळजी सुरुवातीला स्वतःभोवती फिरते: मला जमेल का, मुलं ऐकतील का, निरीक्षक काय म्हणतील. मुलं शिकतायत का, ही काळजी फार नंतर येते. मी स्वतः पहिलं अख्खं वर्ष माझाच आवाज ऐकत काढलं. पण नवखा आपसूकच स्वतःकडे बघत असेल, तर प्रशिक्षणाने त्याची मान हळूच दुसरीकडे वळवायला हवी ना? आज होतं उलटं. आवाज, हावभाव, फळा, साधन, वेळ, सगळे गुण त्याच्या स्वतःच्याच सादरीकरणाला.

यात सूक्ष्म अध्यापनाचा वाटा मोठा आहे. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत सुरू केली, तेव्हा कल्पना चांगली होती. पाचेक मिनिटांचा छोटा पाठ, चार-पाच विद्यार्थी, एकच कौशल्य, लगेच त्यावर चर्चा आणि पुन्हा पाठ. तिथे समोर बसलेले विद्यार्थी खरे शाळकरी होते. आपल्याकडे येईपर्यंत मुलं गळाली आणि समोर वर्गमित्र बसले. बावीस वर्षांची तरुणी 'मी चौथीतली मुलगी' म्हणून हात वर करते आणि टाचणात लिहिलेलं अपेक्षित उत्तर जसंच्या तसं देते. कधी कुणी मुद्दाम चुकतं, ते हशा पिकवायला. ज्या माणसाला ५२ − २७ चं उत्तर २५ हे पंधरा वर्षांपासून ठाऊक आहे, त्याला खरोखरीचं पस्तीस सुचत नाही. प्रश्न विचारण्याचं कौशल्य तिथे घोटून होईल. उत्तर ऐकण्याचं कुठून होणार?

आणि ऐकायला वेळ लागतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखाद सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांब व्हायची, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागायची. तीन सेकंद! पण निरीक्षक समोर असताना तीन सेकंदांची शांतता नवख्याला केवढी वाटते, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. माझ्या वर्गात येणाऱ्यांना मी सांगते, प्रश्न विचार आणि मनात 'एक, दोन, तीन' म्हण. दोनवर पोचण्याआधी त्यांच्या तोंडून उत्तराचा पहिला शब्द निसटलेला असतो. मुलांनी तो पूर्ण करायचा. 'याला काय म्हणतात? अपू...?' वर्ग म्हणतो, 'र्णांक!' याला आपण अध्यापनात सहभाग म्हणतो.

आता जरा वरच्या वर्गांविषयी. तुमच्याकडे पहिलीपासून आठवीपर्यंत एकच पदविका चालते आणि सरावासाठी जो वर्ग मिळेल तो मिळतो. एका दृष्टीने हे बरंच आहे, कारण खालचा शिक्षक आणि वरचा शिक्षक वेगळे झाले की मधल्या जागेत मुलं पडतात. पण बरेपणा कागदावरच राहतो. माझ्या त्या वाक्याचंच बघा. 'लहानातून मोठा जात नाही.' दुसरी-तिसरीत ते सोयीचं, चौथीत त्याने घोळ केला, आणि सहावी-सातवीत ऋण संख्या आल्या की मलाच सांगावं लागतं, की जातो बरं का, ३ − ८ म्हणजे −५. गुणलं की संख्या वाढते, हे मुलांना आम्ही कुणी मुद्दाम शिकवत नाही, पण प्रत्येक उदाहरणातून तेच दाखवत असतो. मग ८ ला १/२ ने गुणून ४ आले की ती आपल्याकडे संशयाने बघतात. दहाने गुणायचं म्हणजे शेवटी शून्य द्यायचं, हे पाठ झालेला मुलगा २.५ × १० चं उत्तर २.५० लिहितो. चूक पाचवीत दिसते, पेरलेली असते तिसरीत. खालच्या वर्गाला शिकवणाऱ्याला पुढे काय येणार आहे ते ठाऊक नसेल, तर तो भाबडेपणाने असे नियम वाटत राहतो. तुमच्या प्रशिक्षणार्थ्यांना अपूर्णांकांचा भागाकार येतो का, असं मी विचारत नाही. येतो. उलटा करून गुणायचं, हे सगळ्यांना येतं. उलटा का करायचा, हे सातवीतल्या मुलीने विचारलं की टाचण संपतं.

ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८६ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं होतं. विषय येणं वेगळं, शिकवण्याच्या सर्वसाधारण युक्त्या येणं वेगळं, आणि हा विषय मुलांना कुठे अडतो, का अडतो, ती आधीच कोणत्या समजुती घेऊन येतात, हे जाणणं हे शिक्षकाचं खास तिसरं ज्ञान. तुमच्या प्रश्नपत्रिकेत शुलमनवर टीप लिहा असा प्रश्न असतो. विद्यार्थी टीप उत्तम लिहितात.

चुका म्हणजे गणितच असं नाही. पहिलीतलं मूल 'किती' लिहिताना अडखळतं, तेव्हा पहिली वेलांटी कानाला अक्षरानंतर ऐकू येते आणि हाताला अक्षराआधी काढावी लागते, हे शिक्षकाला ठाऊक हवं. त्रेपन्न ऐकून ३५ लिहिणारं मूल आधी ऐकलेलं 'त्रे' आधी लिहितं, तेही एका अर्थी बरोबरच वागतं. पृथ्वी गोल आहे असं खणखणीत सांगणाऱ्या मुलाला चित्र काढायला लावा. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांची पृथ्वी पोकळ चेंडूसारखी निघाली, माणसं आत सपाट तळावर उभी. शब्द शिक्षकाचा, चित्र मुलाचं स्वतःचं. तोंडी उत्तराला पूर्ण गुण मिळाले असते.

म्हणूनच बरोबर उत्तरंही वाचायला शिकवा. ०.४५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती? ज्याला ४५ हे ५ पेक्षा मोठे दिसतात तो ०.४५ म्हणतो, त्याची चूक निदान दिसते तरी. पण दशांश चिन्हापुढे कमी अंक असले की संख्या मोठी, असा समज करून घेतलेलं मूल ०.५ म्हणतं आणि त्याला बरोबरची खूण मिळते. ०.७ आणि ०.८२ विचारल्याशिवाय ते सापडतच नाही. प्रश्न निवडण्यातच अर्धं निदान आहे आणि हे कौशल्य कुठल्याही कौशल्य-यादीत मला दिसलं नाही. ८ + ४ = □ + ५ हे एकदा सहावीला घालून बघा. अमेरिकेतल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही चौकटीत ७ लिहिले नव्हते, सगळ्यांची उत्तरं १२ किंवा १७. '=' हे चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी त्यांची समजूत. मी माझ्या वर्गात हे करून पाहिलं आणि दोन दिवस गप्प होते.

मोठ्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तिसरीतलं मूल चुकीचं उत्तर हौसेने ओरडून सांगतं. सातवीतलं मूल गप्प बसतं. येत नाही म्हणून गप्प की हसतील म्हणून, हे एका तासिकेसाठी आलेल्या पाहुण्याला कळणं शक्य नाही. तिथे वहीची शेवटची पानं कामाला येतात, जिथे कच्चं काम केलेलं असतं आणि खाडाखोड असते. माझं तर मत आहे, की खोडरबर वापरू नका हा नियम मुलांपेक्षा शिक्षकांच्या भल्याचा आहे. पण यासाठी प्रशिक्षणार्थ्याला एकाच वर्गाबरोबर, त्याच मुलांबरोबर सलग काही आठवडे राहू द्यायला हवं. आज पाचवी, उद्या सहावी, परवा दुसरी शाळा, अशी पाठांची संख्या भरून हे होत नाही. दहा पाठ कमी करा, चालेल. टाचणवही बारीक होईल, तिचं ओझं तसंही आम्हीच कपाटात सांभाळतो.

जपानमध्ये पाठ-अभ्यासाची जुनी परंपरा आहे, जुग्यो केंक्यू म्हणतात. काही शिक्षक मिळून एका पाठाची तयारी करतात, एकजण तो घेतो, बाकीचे वर्गात मुलांच्या बाजूला उभे राहून कोणतं मूल काय लिहितंय, कुठे अडतंय ते टिपतात. नंतरची चर्चा त्या नोंदींवर होते. शिकवणाऱ्याच्या आवाजाची चर्चा होत असेल तर ती चहापानात. मला यातली उभं राहण्याची जागा फार आवडली. आपले निरीक्षक शेवटच्या बाकावर बसतात. तिथून शिक्षकाचा चेहरा दिसतो आणि पोरांच्या माना दिसतात. पुढच्या वेळी फळ्याजवळच्या कोपऱ्यात खुर्ची ठेवून बघा. वेगळाच पाठ दिसेल.

डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हिशेब मांडला होता, की शाळा संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांना बघत बसलेला असतो. तुमच्याकडे येणारा प्रत्येकजण हे तास घेऊनच येतो. त्याने ते बाकावरून पाहिलेले असतात, म्हणजे बोलणं पाहिलेलं असतं, फळा पाहिलेला असतो, शिक्षा पाहिलेली असते. शिक्षक रात्री वह्या बघताना काय विचार करतो, ते त्याने पाहिलेलं नसतं, ते दिसण्यासारखं नाहीच. तुमची दोन-तीन वर्षं त्या १३,००० तासांपुढे तोकडी आहेत. ती पुन्हा दिसणाऱ्याच गोष्टी घोटण्यात घालवली, तर हिशेब कुणाच्या बाजूने सुटेल?

आमच्या बाजूचंही कबूल करते. मार्गदर्शक शिक्षक म्हणून आमचं नाव पत्रावर येतं, मार्गदर्शन कसं करायचं हे कुणी सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही. कुणी सहकारी रजेवर असला की प्रशिक्षणार्थी म्हणजे फुकटचा बदली शिक्षक, असं मीही वागले आहे. टाचणावर न वाचता सही केली आहे. त्या मुलीच्या पाठाच्या वेळी मी स्वतः अर्धा वेळ हजेरीपट भरत होते. पस्तीस मला दिसलं ते केवळ मान वर करायला तोच क्षण सापडला म्हणून.

तिचं पुढे काय झालं ते राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडून दहा मिनिटं मागून घेतली. त्या मुलाला ५२ काड्या दिल्या, पाच गठ्ठे आणि दोन सुट्या, आणि म्हणाली, मला यातल्या सत्तावीस दे. काहीच समजावलं नाही. त्याने दोन गठ्ठे दिले, मग दोन सुट्या दिल्या, मग थांबला. तीही थांबली. तीन सेकंदांपेक्षा खूप जास्त. त्याने तिच्याकडे पाहिलं, रबर काढलं, पाच मोजून दिल्या आणि उरलेल्या मोजल्या. मग कुणी न सांगता फळ्यावर जाऊन पस्तीस पुसलं. कालचं कुणी पुसलंच नव्हतं.

याची नोंद कुठे करायची, असं तिने विचारलं. टाचणवहीत जागा नव्हती, म्हणून आम्ही मागच्या कोऱ्या पानावर केली. त्याला गुण नाहीत.

माझ्या कपाटात गेल्या काही वर्षांच्या जुन्या वह्या आहेत, वजाबाकीच्या, अपूर्णांकांच्या, दशांशांच्या, काही शुद्धलेखनाच्या. मुलांची नावं असलेली पानं काढून ठेवली आहेत. दोन पोती भरतील. तुमच्यापैकी कुणाला पहिल्या सत्रात त्या वापरायच्या असतील तर निरोप पाठवा, गठ्ठे बांधून ठेवते.

आपली,
एक मार्गदर्शक शिक्षिका